शेअरमिल्किंगचं विचारलंत म्हणून

दादा, शिरूरच्या १२ गायी विकून न्यूझीलंडला गेलो तर शेअरमिल्किंग करून स्वतःचा कळप होईल का, असं विचारलंत. व्हिसाचं सरकारी साइटवर सगळं आहे, मी माझं सांगतो. मी मंचरचा, २०१३ पासून इथं वायकाटोत.

आपल्याकडं अर्धलीने गाय देतात ना तसंच, फक्त इथं कागदावर. गायी मालकाच्या असल्या, तुम्ही माणसं लावून दूध काढायचं, तर दुधाच्या चेकमधले साधारण २०-३० टक्के, याला व्हेरिएबल ऑर्डर म्हणतात. गायी तुमच्या आणि जमीन मालकाची असेल तर साधारण निम्मे, वर वासरं तुमची. सगळे याच्या मागं धावतात, पण गायी घ्यायला बँक लागते आणि दुधाचा भाव पडला की गायीची किंमतपण पडते, कर्ज तेवढंच राहतं. माझ्या पहिल्या बॉसला तेच नडलं. इथं पैसे लिटरवर नाही, फॅट-प्रोटीनच्या किलोवर. मी आलो त्या सीझनला फॉन्टेराने, म्हणजे इथल्या मोठ्या दूध सहकारी संस्थेने, किलोला ८.४० डॉलर दिले, दोन वर्षांनी ३.९०. त्याने निम्मा कळप विकला, तोपण पडेल भावात.

करार नीट वाचा. व्हेरिएबल ऑर्डरला कायद्याचं संरक्षण ३०० गायींपर्यंतच आहे, वर गेलात की जे लिहिलंय तेच. माझ्या करारात ४२० गायी होत्या पण ‘कमीत कमी किती’ हे कुठंच नव्हतं, दुष्काळात मालकाने ७० विकल्या, माझे टक्के तेच आणि पगाराची माणसंपण तेवढीच. सही करताना मी फक्त टक्के बघितले, बारावी शिकलेला माणूस मी, अजून राग येतो स्वतःचा.

एकटेपणाचं काय, गायी असतात, जुलै-ऑगस्टला सगळ्या एकदम वितात, झोपायला मिळत नाही तिथं एकटं कधी वाटणार.

पोराचं मात्र सलतं. सीझन ३१ मेला संपतो आणि करार संपलेले सगळे १ जूनच्या आसपास घर हलवतात, गायींसकट, आणि शाळेचं वर्ष चालू होतं फेब्रुवारीत. म्हणजे दरवेळी मधूनच. १० वर्षांचा होईस्तोवर ३ शाळा. शेवटच्या वेळी त्याने वर्गात लावलेलं चित्र मागितलंच नाही, म्हणाला राहू दे, तिथं परत काढायला लावतील.

वडील दर रविवारी फोनवर विचारतात, आता किती गायी? मी म्हणतो ३८०. मग विचारतात, त्यातल्या आपल्या किती?