ड्रॉप-वेट गटिंग मशिनवर क्लॅम्पमधून तार सरकते, काय करावं?

ड्रॉप-वेट मशिनवर, म्हणजे वजनाच्या दांड्याने रॅकेटची तार ताणणाऱ्या मशिनवर, ५० पौंडांवर ओढूनही रॅकेट ढिली लागते, वजनाचा दांडा उचलला की तार मागे जाते, असं तुम्ही लिहिलंय. लगेच क्लॅम्पचा (ताणलेली तार धरून ठेवणाऱ्या चिमट्याचा) स्क्रू आवळू नका. आधी नेमकं काय सरकतंय ते बघा.

क्लॅम्पच्या दातांना अगदी खेटून तारेवर मार्करने बारीक रेघ मारा आणि ताण सोडा. रेघ दातांपासून हलली तर तार निसटतेय. रेघ जागच्या जागी, पण अख्खा क्लॅम्प फ्रेमकडे ओढला गेला, तर दोष बेसचा, म्हणजे क्लॅम्प ज्यावर बसतो त्या भागाचा. मग बेस आणि त्याखालचे रूळ स्वच्छ पुसा. तिथे तेल अजिबात नको!

तार निसटत असेल तर बहुतेक वेळा कारण एकच: नव्या तारेवरचा मेणचट थर दातांत साचतो. जुना टूथब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दात घासा, पूर्ण वाळू द्या. तरीही निसटली तरच स्क्रू थोडा-थोडा आवळा, दरवेळी रेघ मारून तपासा. तारेवर दातांचे वळ उठले की जास्त झालं. मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची तार) आणि नॅचरल गट (जनावरांच्या आतड्यांपासून बनवलेली तार) तर चटकन चिरडतात, तिथे खरंच जपा.

दांडा तंतोतंत आडवा हवा म्हणून झटत बसू नका. १० अंश वर-खाली असला तरी ताणात जेमतेम दीड टक्का फरक पडतो, म्हणजे ५० पौंडांवर एक पौंडही नाही. पण दांडा न थांबता खाली जातच राहिला, तर ग्रिपरमधून, म्हणजे ताणताना तार पकडणाऱ्या भागातून, तार निसटतेय; तोही त्याच ब्रशने घासा.