कोरा रकाना

भुसावळ,
मंगळवार

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तू पहिल्यांदा जुन्या रेकॉर्डी ऐकायच्या आमच्या बैठकीला आलीस आणि मध्येच उठून गेलीस. चप्पल शोधायच्या निमित्तानं ओट्यावर बराच वेळ उभी होतीस, ते मी खिडकीतून पाहिलं. तुझा प्रश्न साधा होता. आजी दळताना एक गाणं म्हणायची, ते कुठलं? दोन ओळी तू गुणगुणूनही दाखवल्यास. त्यावर चौघे एकदम बोलले, चौघांनी चार सिनेमे सांगितले, एकजण हसला, आणि पुढची रेकॉर्ड लागली. तुझा प्रश्न तिथंच पडून राहिला.

चूक आमची होती. आमची जी सगळ्यांत जुनी रीत आहे, तीच त्या दिवशी आम्ही मोडली. ती तुला कोणी सांगितलेली नाही, म्हणून हे पत्र.

दाराजवळच्या फळीवर लाल कापडी बांधणीची एक जाड वही असते. किराणा दुकानात उधारीला असते तशी. बैठकीत वाजलेलं प्रत्येक गाणं तीत लिहिलं जातं. गाणारा कोण, शब्द कोणाचे, चाल कोणाची, सिनेमा कुठला, साल कुठलं, आणि शेवटच्या रकान्यात 'कोणी ऐकवलं'. पक्कं माहीत असेल तेवढंच लिहायचं, नसेल तो रकाना कोरा सोडायचा. अंदाज पेन्सिलीनंही लिहायचा नाही. 'बहुतेक' हा शब्द त्या वहीत कुठंच सापडणार नाही. काही रकाने वीस-वीस वर्षं कोरे आहेत आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही. परवा तुला चार सिनेमे सांगणाऱ्यांपैकी एकानंही ते वहीत लिहायची तयारी दाखवली नसती.

नावांचा एवढा आग्रह कशासाठी, असं तुला वाटेल. तुझ्या फोनवर गाणं लागतं तेव्हा गायकाचं नाव दिसतं, फार तर सिनेमाचं. पूर्वी तेवढंही नसायचं. १९४९ साली 'महल' आला. त्यातलं 'आएगा आनेवाला' देशभर वाजलं, पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे तर मधुबालानं केलेल्या भूमिकेचं नाव! गाणारी पोरगी विशीतली होती आणि तिचं नाव कुठंच नव्हतं. रेडिओवर गाणं लागलं की लोक पत्रं लिहायचे, ही गातेय कोण? शेवटी रेडिओवाल्यांनी कंपनीकडून नाव मागवलं आणि ते सांगितलं गेलं. लता मंगेशकर. आज हे नाव कोणाला सांगावं लागत नाही, पण त्या वेळी पोस्टकार्ड लिहिणाऱ्यांनी ते मागून घेतलं. त्यांची स्वतःची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. आमच्यासारख्या मंडळींचं कूळ मी त्या पत्रं लिहिणाऱ्यांपासून धरतो.

त्याच गाण्याची चाल खेमचंद प्रकाश यांची, शब्द नक्शब जारचवींचे. खेमचंद पुढच्याच वर्षी गेले. ही दोन नावं घेतल्याशिवाय आमच्याकडे ते गाणं लागत नाही. गीतकाराचं नाव रेडिओवर घेतलं जावं म्हणून साहिर लुधियानवी हट्टाला पेटले होते. त्यांच्याही मागे जे उभे, त्यांचं काय? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनं अंगावर येतात, त्यांची मांडणी सेबॅस्टियन डिसूझा करायचे. किती जणांना ठाऊक आहे? ठाऊक झालं की गाणं वेगळं ऐकू येतं. तू करून पाहा.

आणि आपण खान्देशातली माणसं. ही गोष्ट आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. तुझ्या विद्यापीठाच्या कमानीवर जिचं नाव आहे, ती असोद्याची लेक, जळगावची सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी गाणी सुचत गेली आणि ती म्हणत गेली. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं ती उतरवून घेतली म्हणून उरली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, पुस्तक निघालं १९५२ साली. त्या दोन पोरांनी कागद पुढे ओढला नसता, तर ती गाणी कोणाची म्हणून सांगितली असती आपण? आजूबाजूच्या गावांत जात्यावर बसलेल्या बाकीच्या बायांची गाणी गेलीच. म्हणून दळणाचं गाणं विचारायला आलेल्या मुलीला आम्ही आधी सिनेमाचं नाव फेकून मारलं, याचं मला फार वाईट वाटतं. आजीचं माहेर कुठलं, हेसुद्धा कोणी विचारलं नाही.

मी या मंडळींत १९७४ साली आलो. रेल्वेत नवा होतो, पंचविशीचा. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत एक रेकॉर्ड लागली आणि मी ठासून सांगितलं, सैगल! समोर एक ड्रायव्हरकाका बसले होते. ते म्हणाले, नाही. मी वाद घातला, चांगला अर्धा तास. सैगलचा आवाज मी ओळखणार नाही का, असं बोललो. काका काही बोलले नाहीत. रेकॉर्ड थांबली, तशी त्यांनी उचलून माझ्या हातात दिली. लेबलवर मुकेशचं नाव होतं. 'पहली नज़र', १९४५, अनिल विश्वास यांची चाल, 'दिल जलता है'. मुकेश तेव्हा सैगलच्या वेडानं तसंच गायचा, हे मला ठाऊक नव्हतं. खोलीत कोणी हसलं नाही. काका एवढंच म्हणाले, "आधी आइक, मंग बोल." आणि तेच गाणं पुन्हा लावलं, खास माझ्यासाठी. त्या दुसऱ्या खेपेला मला सैगल आणि मुकेश वेगळे ऐकू आले.

नवख्याची चूक रेकॉर्ड लावून दुरुस्त करायची, हसून नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तुझीही होईल. सुमन कल्याणपूरांना तू लता म्हणशील, सगळेच म्हणतात. म्हण. आम्ही पुन्हा लावू.

बाकीच्या चालीरीती पटकन सांगतो. गाणं सुरू झालं की संपेपर्यंत बोलायचं नाही. कडव्यांमधलं वाजवणं चालू असताना लोकांना वाटतं की आता बोलायला हरकत नाही. तिथंच तर सेबॅस्टियन डिसूझा असतात! जुन्या तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. तेवढं गप्प राहता येतं. मोबाईलवर बैठक टिपायची असेल तर आधी विचार. म्हाताऱ्या माणसांचे डोळे गाणं ऐकताना भरून येतात, त्यांना ते दुसऱ्यांना दाखवायचं नसतं.

फर्माईश एका बैठकीत एकाची एक. नव्यानं सहा महिने फर्माईश करू नये, असं आमच्यातले काहीजण मानतात. मला ते मुळीच मान्य नाही आणि मी तसं तोंडावर सांगतो. आमच्या आवडी ठरून गेल्यात, आम्हाला नवीन गाणं नव्या माणसाकडूनच मिळतं. माझ्या हातात असेल तर पहिली फर्माईश नव्याची. फोनवरचं गाणं लावायलाही काहींचा विरोध होता. आता चालतं, फक्त नावं सांगून लावायचं.

रफी मोठा की किशोर, हा वाद आमच्याकडे काढायचा नाही. एकदा यावरून दोन सख्खे मित्र पाच वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, म्हणून ही बंदी. ३१ जुलैला रफीची बैठक होते. १३ ऑक्टोबरला आम्ही खंडव्याला जातो. बऱ्हाणपूर, नेपानगर, खंडवा, आपल्याच लाइनवर तर आहे. किशोरच्या समाधीपाशी माणसं दूध-जिलेबी घेऊन आलेली असतात आणि कोणीही उठून गायला लागतं. सूर कसाही लागो, तिथं कोणी कोणाला थांबवत नाही. यंदा घरी विचारून चल. दोन-तीन बायकाही असतात, काळजी नाही.

शेवटचं गाणं सैगलचं. कोणी कितीही आग्रह केला तरी त्यानंतर काही लागत नाही. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा लोकांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्राकडे फिरवला. सिलोनवर सकाळी साडेसात ते आठ जुनी गाणी लागत आणि शेवटचं गाणं सैगलचं असे. त्यावर आठ वाजल्याचं कळायचं. आमच्या घरी वडील त्या गाण्यावर डबा उचलून कामावर निघायचे. सैगल १९४७ च्या जानेवारीत गेले. मी त्यानंतर जन्मलो, तरी माझं लहानपण त्यांच्या आवाजानं सकाळचं दार लावून घ्यायचं. बैठक उठताना तो आवाज नसेल तर आम्हाला घरी जायला सुचत नाही.

आता रेकॉर्डींबद्दल. जुनी तबकडी लाखेची असते, बांगडीच्या लाखेची म्हण. पडली की संपली. दोन्ही तळहातांनी कडेवर धरायची, मधल्या रेघांना बोट लागू द्यायचं नाही. पुसायला स्पिरिट कधीही घेऊ नकोस. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतात, रेकॉर्डीचंही तेच होईल. कोरडा मऊ कपडा पुरे. भोंग्याच्या ग्रामोफोनला लोखंडी पिन असते, ती दर बाजूला नवी घालायची. एका पिनेवर दहा बाजू वाजवून पैसे वाचवणारे भेटतात, त्यांच्या रेकॉर्डी करवतल्यासारख्या वाजतात. आणि नंतरच्या प्लास्टिकच्या मोठ्या एलपी आपल्या गावच्या मे महिन्यात खिडकीपाशी ठेवल्या तर दुपारपर्यंत पापडासारख्या वाकतात. उभ्या ठेवायच्या, अंधाऱ्या खोलीत.

कोणाच्या घरी गेलीस आणि रेकॉर्डी पाहिल्यास, तर 'कितीला मिळाली' हे विचारू नकोस. हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे. बऱ्याचदा घरातला ऐकणारा माणूस गेलेला असतो आणि मुलं आम्हाला बोलावतात, घेऊन जा म्हणून. तिथं घासाघीस करायची नाही. चहा घ्यायचा, त्या माणसाबद्दल जे सांगतील ते सगळं ऐकायचं, आणि एक तरी रेकॉर्ड त्यांच्यासमोर वाजवायची. मागे यावलकडच्या एका घरी असंच झालं. सून म्हणाली, सासरे ही रोज लावायचे पण आम्ही कधी बसून ऐकली नाही. त्या दिवशी ती दारात उभी राहून पूर्ण ऐकत होती. मग म्हणाली, ही एक राहू द्या. आम्ही बाकीच्या घेऊन आलो. वहीत 'कोणी ऐकवलं' या रकान्यात त्या सासऱ्यांचं नाव लिहिलं.

थंडीत भरीत पार्टी असते, कोणाच्या तरी मळ्यात. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची, कळण्याच्या पुऱ्या. चावीचा ग्रामोफोन सोबत नेतो, त्याला लाइट लागत नाही. केळीच्या बागेत रात्री तो वाजताना तू ऐकायलाच हवंस. जेवणं झाली की रेकॉर्डी बंद करतो आणि ज्याला वाटेल तो गातो, अहिराणी, लेवा, हिंदी, काहीही. तिथं कोणाचे शब्द चुकले तरी सांगायचे नाहीत. बायका जात्यावरची, कानबाईची गाणी म्हणतात. ती वहीत लिहिताना 'शब्द' आणि 'चाल' हे दोन्ही रकाने कोरे राहतात. 'गाणारा' मात्र भरतो, समोर बसून गायलेली असते ना ती.

त्यावरूनच रविवारी रात्री वही काढली. तू गुणगुणलेल्या दोन ओळी मला आठवत होत्या, त्या लिहिल्या. पुढे सिनेमा, साल, शब्द, चाल, सगळं कोरं सोडलं. 'कोणी ऐकवलं' इथं तुझं नाव घातलं. 'गाणारा' लिहायला गेलो आणि थांबलो. तिथं तुझ्या आजीचं नाव हवं, आणि ते आम्ही विचारलंच नव्हतं.

आजीला विचारून ठेव, गाणं कोणाकडून शिकली, माहेरी की सासरी, तेव्हा घरात रेडिओ होता का. जिना चढवत असेल तर तिलाच घेऊन ये. नसेल तर आम्ही दोघं-तिघं तुमच्याकडे येऊ, तिला जमेल त्या वेळी. बैठक पुढच्या रविवारी चार वाजता. रकान्यात आजीचं पूर्ण नाव लागेल, माहेरच्या आडनावासकट.

तुझा,
आबा