‘निधान, निधान’ आणि तीन सेकंद

“हात सावकाश नेला तर वेळ संपतोय, भरभर नेला तर गोळी खाली जातीय. करू तरी काय, सांगा की!”

निपाणीहून शनिवार-रविवार बेळगावला सरावाला येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं हे गाऱ्हाणं. वेगाच्या स्पर्धेत उतरलेला जवळपास प्रत्येक नेमबाज कधी ना कधी हेच बोलतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

तिचा प्रकार २५ मीटर पिस्तूल. एकूण ६० शॉट. पहिले ३० प्रिसिजनचे, पाच शॉटला पाच मिनिटं, म्हणजे निवांत. उरलेले ३० रॅपिडचे: ७ सेकंद हात ४५ अंशांत खाली, मग ३ सेकंद टारगेट खुलं, त्यात एकच शॉट, असं पाच वेळा म्हणजे एक सिरीज, आणि अशा सहा सिरीज. प्रिसिजनमध्ये तिचे शॉट नऊ-दहा गुणांच्या खाली जात नव्हते. रॅपिडमध्ये मात्र सात, आठ आणि अधूनमधून उशिरा सुटलेला, शून्य धरला गेलेला शॉट.

सल्ले भरपूर मिळाले होते. प्रशिक्षक मागून कन्नडमध्ये “निधान, निधान” (सावकाश, सावकाश) म्हणायचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले मामा म्हणायचे, “श्वास रोख, नेम पक्का झाल्याशिवाय दाबू नको.” मामांचं म्हणणं दूरच्या रायफलीसाठी सोळा आणे खरं. पण तीन सेकंदांत नेम ‘पक्का’ व्हायची वाट बघणारा शेवटच्या क्षणी ट्रिगर ओढतोच. त्यात तिनं प्रॅक्टिकल शूटिंगचे, म्हणजे गुणांबरोबर वेळही मोजतात त्या वेगळ्या स्पर्धेचे, व्हिडिओ पाहिले, आणि दीड सेकंदात शॉट सोडायचा हट्ट धरला.

इथं आधी हिशेब समजावा लागला. प्रॅक्टिकलमध्ये गुणांना सेकंदांनी भागतात. बारा शॉट, सगळे मधल्या ‘ए’ पट्ट्यात: ६० गुण, १२ सेकंद, भागाकार ५. मायनर गटात (कमी जोराच्या गोळ्यांचा गट) तीन शॉट बाहेरच्या ‘सी’ पट्ट्यात गेले, तिथं पाचाऐवजी तीन गुण, म्हणून गुण ५४, पण वेळ १० सेकंद, तर ५.४. म्हणजे थोडे गुण देऊन वेग विकत घेणं तिथं फायद्याचं. मात्र त्याच १० सेकंदांत अकरा ‘ए’त आणि एक गोळी साफ चुकली की पाच गुण जातात, वर दहा कापले जातात: ४५ भागिले १०, म्हणजे ४.५. जपून खेळणाऱ्याच्याही मागे. तिच्या प्रकारात तर लवकर शॉट सोडल्याचं काहीच मिळत नाही. तीन सेकंद फुकटचे आहेत, ते वापरायचे. मग वेग हवा कुठं? हात वर नेण्यात. ट्रिगरवर नाही.

मोबाइलवर बाजूनं चित्रीकरण केलं तेव्हा उलटंच दिसलं. ‘निधान’ ऐकून हात रेंगाळत वर जायला जवळपास दोन सेकंद, मग थरथरती साईट (पिस्तुलावरची नेमाची खूण) स्थिर करायचा खटाटोप, मग झटका. ती उजव्या हाताची. शॉट खाली-डावीकडे जमत होते, म्हणजे ट्रिगर ओढल्याची सही. (सरळ उभ्या रेषेत विखुरले असते तर हात थांबायच्या आत शॉट सुटतोय असं धरलं असतं.)

दुसरी गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती, की तिनं ऐकली नव्हती, कोण जाणे. प्रिसिजनच्या टारगेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, रॅपिडच्या टारगेटवर १०० मिलिमीटरचं. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. ती मात्र रॅपिडमध्येही ५० मिलिमीटरचाच नेम शोधत होती. साईट थोडी हलणारच. ती हालचाल शंभरात बसते की नाही एवढंच बघायचं. “म्हणजे हलतानाच दाबू?” या प्रश्नावर एक अख्खा तास गेला. पटवून पटत नाही ते. म्हणून तिला मुद्दाम हलत्या साईटवर, पण ट्रिगर एकसारखा दाबत, दहा शॉट मारायला लावले. त्यातले नऊ शॉट दहा किंवा नऊच्या वर्तुळात आले. मग चेहरा बदलला.

सराव असा ठरला. घरी एअर पिस्तूल, रिकामं असल्याची दोनदा खात्री, छरे दुसऱ्या खोलीत, समोर पक्की भिंत. मोबाइलवर ७ आणि ३ सेकंदांची बीप. रोज वीस वेळा फक्त हात वर: नजर आधीच टारगेटवर, साईट नजरेत येऊन थांबायची, सव्वा सेकंदाच्या आत. ट्रिगरचं काम घरी नको, कारण एअर पिस्तूलचा ट्रिगर ५०० ग्रॅमला सुटू शकतो आणि २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम लागतात. बोटाला चुकीची सवय लागते. तो सराव क्लबच्या पिस्तुलावर: हात चढतानाच ट्रिगरचा पहिला, हलका टप्पा दाबून घ्यायचा, साईट थांबली की उरलेला दाब न थांबता. शॉट दोन ते अडीच सेकंदांत सुटायला हवा.

मॅगझिन प्रशिक्षकांनी भरायचं आणि मध्ये एखादी डमी, म्हणजे न उडणारी, गोळी तिला न सांगता घालायची. डमीवर नळी खाली डुचकली की चोर सापडला, ट्रिगर ओढला जातोय. पहिल्या दिवशी पाचपैकी चार वेळा डुचकली.

आठवड्यातून एकदा, वेळ दोन सेकंदांवर आणून, गुण न मोजता सिरीज. शॉट सातात जाऊ देत. त्यानंतर तीन सेकंद ऐसपैस वाटतात. पण वेगाचा दिवस आणि गुणांचा दिवस एकत्र केला की दोन्ही बिघडतात, हे मात्र तिच्या वहीवर मोठ्या अक्षरात लिहावं लागलं. वहीत आणखी एक रकाना: मॉनिटर बघण्याआधी ‘कुठं गेली’ ते सांगायचं. ज्याला सांगता येत नाही, त्यानं शॉटच्या क्षणी डोळे मिटले, असं समजावं.

वाईट शॉटनंतरचे ७ सेकंदही वाटून दिले: हात खाली, एक लांब उच्छ्वास, नजर जमिनीवर, तिसऱ्या सेकंदाला पुन्हा टारगेटवर. मागच्या शॉटची भरपाई पुढच्यात करायची नाही. प्रशिक्षकांना विनंती केली, ‘निधान’ऐवजी ‘वर’ म्हणा. ते हसले, पण म्हणू लागले.

सहा आठवड्यांत खाली-डावीकडचे शॉट विरळ झाले, उशिराचे शून्य थांबले. प्रत्येक सिरीजचा पहिला शॉट मात्र अजून आठात जातोय. पहिल्या वेळी हात सव्वाऐवजी दीड सेकंद घेतो, हे चित्रीकरणात दिसतं. आता घरच्या वीसपैकी दहा वेळा ती दोन मिनिटं बसून, उठून, एकदाच हात उचलते.