डीव्हीडी प्लेयरचा रिमोट हरवलाय, युनिव्हर्सल रिमोट आणला तर फक्त पॉवर आणि प्ले चालतंय. नीट प्रोग्रॅम कसा करायचा?

तुमचं काही चुकलेलं नाही, तुम्ही फक्त लवकर थांबलात. कोड म्हणजे एका प्रकारच्या प्लेयरच्या सगळ्या बटणांच्या सिग्नलांची यादी. कोड शोधताना तो रिमोट एकेक कोड सोडत जातो, प्लेयर बंद झाला की आपल्याला वाटतं जमलं आणि आपण बोट काढतो. पण पॉवर जुळलं म्हणजे अख्खी यादी जुळली असं नसतं, दोन-तीन याद्यांमध्ये पॉवर सारखं आणि मेनू वेगळं असं सर्रास असतं. तेव्हा परत शोधायला लावा, सेकंदाला एक असं सावकाश दाबत चला आणि प्रत्येक वेळी प्लेयर बंद झाला की पॉवरवर न भुलता तो परत चालू करून इजेक्ट आणि मेनू दाबून बघा. सगळं चालणारा सापडला की तो नंबर रिमोटच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा, कारण स्वस्तातले रिमोट सेल काढले की सगळं विसरतात.

झालं तुमचं उत्तर. पण माझं ऐकाल तर तो कोडवाला रिमोट परत करा आणि लर्निंगवाला, म्हणजे दुसऱ्या रिमोटकडून शिकणारा, आणा. हे मी १५ वर्षं आमच्या दादाला सांगतोय, त्याला पटत नाही, तुम्हाला तरी पटतंय का बघा.

२००९ ची गोष्ट. आम्ही सांगलीत, एकत्र कुटुंब. गणपतीत आरत्यांची एमपीथ्री सीडी लावायला डीव्हीडी प्लेयर टीव्हीखालून काढून मखराशेजारी नेला होता, ॲम्प्लिफायरला जोडला, टीव्हीचा संबंधच नाही. रिमोट दहा दिवस पोरांच्या हातात. विसर्जन झालं, मखर आवरलं, प्लेयर परत जागेवर आला आणि रिमोट नाही. सोफा उलटा केला, रद्दी उपसली, वहिनींनी पिठाच्या डब्यात पण हात घालून बघितला. दादाचं म्हणणं, शेवटी तुझ्या हातात होता. माझ्या हातात नव्हता, पण मोठा भाऊ एकदा म्हणाला की घरात तोच इतिहास होतो.

बरं, प्लेयरला पुढे तीनच बटणं होती, पॉवर, ओपन, प्ले. तेवढ्यावर भागलं असतं. पण अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, नाटकाची डिस्क लावली तर चित्र काळं-पांढरं आणि हळूहळू वर सरकतंय! आवाज मात्र खणखणीत. दादाने पिना हलवून बघितल्या, मग जाहीर केलं की हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, गेलं. हेड गेलं तर आवाज कुठून येईल, पण बोलायची सोय नाही.

झालं होतं असं की त्या चायना बनावटीच्या प्लेयरांच्या रिमोटवर एन/पी असं एक बारकं बटण असायचं, एनटीएससी आणि पाल या टीव्हीला चित्र पाठवायच्या दोन पद्धतींपैकी कुठली वापरायची ते बदलायला. आपल्याकडचे टीव्ही पालवाले. नवे टीव्ही दोन्ही घेतात, आमचा जुना २१ इंची डबा फक्त पाल ओळखायचा, त्याला एनटीएससी दिलं की रंग जातो आणि चित्र घसरतं. गणपतीत पुतण्याने ते दाबलेलं असणार आणि टीव्ही जोडलेलाच नसल्यामुळे दहा दिवस कुणाला कळलं नाही. आता ते परत फिरवायचं तर तेच बटण हवं. अण्णा आपले शांत. म्हणाले चालतंय की, ८२ च्या एशियाडच्या आधी सगळं काळं-पांढरंच होतं. पण सरकणारं नाटक माणूस किती वेळ बघणार, अर्ध्या तासात मान दुखायला लागली त्यांची.

दादाने बाजारातून दीडशेचा युनिव्हर्सल आणला. युनिव्हर्सल म्हणजे सगळ्याला चालतो, हे त्याचं तेव्हाचं आणि आजचंही वाक्य. पाऊण तास बसला, तुमच्यासारखंच पॉवर आणि प्ले चालू झालं आणि त्याने विजय घोषित केला. मी विचारलं एन/पी कुठाय? त्या रिमोटवर एन/पी नावाचं बटणच नव्हतं! कोडवाल्या रिमोटची गोची हीच आहे. कंपनीने जेवढी बटणं छापली तेवढीच यादी त्याच्या पोटात, तुमच्या प्लेयरचं खास बटण त्यात नसेल तर तुम्ही हजार कोड फिरवा, ते येणार नाही.

लर्निंगवाला रिमोट मूळ रिमोटकडून शिकतो, कुठलंही बटण कुठल्याही बटणावर. अडचण एवढीच की शिकवायला मूळ रिमोट लागतो आणि मूळ रिमोट असता तर हे सगळं कशाला केलं असतं. मग आठवलं की गडहिंग्लजच्या मावसभावाने आमच्याच बरोबर दसऱ्याला तोच मॉडेल घेतला होता. साडेतीनशेचा लर्निंग रिमोट खिशात घालून मी एसटीने कोल्हापूर, तिथून गडहिंग्लज. दादा म्हणाला, दीडशेच्या रिमोटपायी माणूस एवढं भाडं घालतो का. घालतो.

पोचलो तर लोडशेडिंग. रिमोट काय सेलवर चालतात, म्हटलं अंधारात शिकवू. मेणबत्तीच्या उजेडात ३१ बटणं शिकवली, प्रत्येकाला दिवा लुकलुकून झालं म्हणाला. लाइट यायला रात्रीचे दहा, शेवटची एसटी त्याआधी, प्लेयरवर तपासणार कधी? घरी येऊन दाबलं तर एक बटण चालेना. दादाने काही म्हटलं नाही, नुसता हसला. ते जास्त लागलं.

कारण आमच्या गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकने सांगितलं आणि हे तुम्ही नीट वाचा, कारण पत्रकात कुणी लिहीत नाही. या प्लेयरांचे रिमोट बहुतेक एनईसी पद्धतीचे असतात. बटण दाबलं की पूर्ण निरोप एकदाच जातो, म्हणजे कुठल्या यंत्राला आणि काय कर. बोट दाबूनच ठेवलं तर त्यानंतर दर ११० मिलिसेकंदाला नुसता 'परत तेच' असा छोटा ठोका जातो. मी काय करत होतो, मूळ रिमोटचं बटण आधी दाबून धरायचो आणि मग नव्याच्या तोंडाशी न्यायचो. त्यामुळे नव्याने ३१ वेळा फक्त 'परत तेच' शिकून घेतलं, काय तेच ते त्याला माहीतच नाही! मेकॅनिक म्हणाला, साहेब, बोट ठेवायचं नाही, टिचकी मारायची.

पुढच्या रविवारी परत गडहिंग्लज. या वेळी दिवसा, लाइट असताना, बाराच बटणं, जेवढी लागतात तेवढी. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, मध्ये तीन-चार बोटं अंतर, सीएफएल बंद आणि खिडकीचं ऊन आडवं केलेलं, कारण दोन्हींमुळे गोंधळ होतो. नव्याचं लर्न बटण दिवा लागेपर्यंत दाबायचं, जे बटण भरायचं ते दाबायचं आणि मग मूळ रिमोटला एक टिचकी. प्रत्येक बटण तिथल्या तिथे प्लेयरवर तपासलं. एन/पीला जागा उरली नव्हती, ते म्यूटवर भरलं. घरी येऊन म्यूट दाबलं आणि नाटकातली साडी हिरवी झाली. अण्णा म्हणाले, आता मान सरळ झाली.

तर तुमच्यासाठी, आधी तोच मॉडेल कुणाकडे आहे का शोधा. आणि तोच मॉडेल लागतोच असंही नाही, या प्लेयरांमध्ये नाव वेगळं आणि आतला बोर्ड तोच असं पुष्कळ असतं. रिमोटवरच्या बटणांची मांडणी सारखी दिसली तर तो चालायची शक्यता चांगली. जुन्या रिमोटचा फोटो असेल तर पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दाखवा, दुकानात माळेसारखे टांगलेले असतात. विकत घेण्याआधी प्लेयर पिशवीत घालून न्या आणि तिथेच लावून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

राहिलं म्हणून सांगतो, हे आधी सांगायला हवं होतं. रिमोट मुळात काही सोडतोय का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बटण दाबल्यावर टोकाचा दिवा जांभळट चमकतो. मागचा कॅमेरा काही फोनांत ते दाखवत नाही. शाओमीच्या बऱ्याच फोनांना वर आयआर, म्हणजे रिमोटसारखा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारा दिवा, असतो आणि ॲप येतं, त्यात तुमची कंपनी सापडली तर फुकटात काम होईल, पण तिथेही छापील यादीचीच गोची. आणि तुमचं यंत्र टीव्हीत खोचायची काडी असेल तर वरचं सगळं विसरा, त्यांचे रिमोट बहुतेक ब्लूटूथवर बोलतात, आयआर त्यांना सहसा कळत नाही.

आणि मूळ रिमोट सापडला का? सापडला. २०१० च्या गणपतीला माळ्यावरून मखराचं खोकं काढलं, थर्माकोलच्या खांबांमध्ये रिमोट, सेल फुटून हिरवे झालेले. खोक्यावर स्केचपेनने 'मखर, जपून' असं लिहिलेलं, अक्षर कुणाचं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. दादा म्हणाला, आत कुणी ठेवला हे खोक्यावर कुठे लिहिलंय.

आमच्याकडे अजून तो प्लेयर आहे आणि लर्निंग रिमोट पण तोच आहे, अण्णा नाहीत. टीव्ही मात्र तोच डबा. फोन आला की दादा सवयीने म्यूट दाबतो, चित्र काळं-पांढरं होऊन सरकायला लागतं आणि तो माझ्याकडे बघतो.