मी कृपेत आहे, मग आज्ञा मोडली की का टोचतं?

ख्रिस्ती समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच कळतं गाडी कुठे चाललीय. कुणी विचारतं, "तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने झालं, कर्मांनी नाही, मग दहा आज्ञा अजून कशाला?" कुणी उलट बाजूने येतं, "मी तीच आज्ञा परत परत मोडते, म्हणजे माझं तारण झालंच नाही का?" वरवर दोन वेगळी माणसं, दोन वेगळे प्रश्न. पण दोघांनीही आज्ञा म्हणजे देवाने आपल्याला स्वीकारावं म्हणून घातलेली अट, असंच धरलेलं असतं. एक म्हणतो अट रद्द झाली, दुसरी म्हणते अट माझ्याच्याने पुरी होत नाहीये. ती अट कधी नव्हतीच, हे दोघांनाही कुणी शांतपणे बसून सांगितलेलं नसतं.

एका तरुणाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिशीच्या आतला, एका कारखान्यात मशीनच्या सेफ्टी तपासणीचं काम करणारा. आला होता झोप येत नाही म्हणून. घर कडक विश्वासी, लहानपणी रोज संध्याकाळी प्रार्थनेत दहा आज्ञा म्हणायच्या आणि मग वडील विचारणार, आज कुठली मोडलीस? रोज. आणि उत्तर "कुठलीच नाही" असं दिलं तर ते खोटं बोलणं धरलं जायचं, म्हणजे सुटका नाहीच. मग कॉलेजात असताना त्याने एक मेसेज, म्हणजे प्रवचन, ऐकला, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्र 6:14 वर, तुम्ही नियमशास्त्राधीन (मोशेकडून आलेल्या देवाच्या नियमांखाली) नसून कृपेच्या अधीन आहात, आणि तो सांगतो की त्या रात्री तो हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडला, इतकं हलकं वाटलं होतं. ते हलकेपण खरं होतं, आणि ते मी त्याच्याकडून कधीही काढून घेतलं नसतं.

पुढे बरीच वर्षं छान गेली. मग कामाचा लोड वाढला आणि एक दिवस त्याने न तपासलेल्या मशीनच्या रिपोर्टवर सही केली. मग अजून एकदा. काही घडलं नाही, कुणाला कळलंही नाही, फक्त झोप गेली.

"ताई, मी नियमशास्त्राधीन नाही ना?"

"नाहीस."

"मग हे आत टोचतं ते काय आहे? ग्रुपमधले म्हणतात तो सैतान आहे, दोष लावतोय, त्याला येशूच्या नावाने धमकाव."

"धमकावलंस?"

"रोज रात्री. जात नाही तो."

मी म्हटलं, जात नाही कारण कदाचित तो सैतान नाहीये.

इथे थोडं थांबते, कारण हे सगळ्यांनाच लागू आहे. सैतान दोष लावतो हे खरंच आहे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, त्याला तसंच म्हटलंय, आणि ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही हे रोम 8:1 पण तितकंच खरं. पण प्रत्येक टोचणी म्हणजे दंडाज्ञा नव्हे. मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक साधी खूण सांगते. जी टोचणी तुम्हाला म्हणते "तू असाच आहेस, तुझं काही होणार नाही", जिच्यात नेमकं काय चुकलं ते सापडत नाही आणि पुढे काय करायचं तेही सापडत नाही, तिच्यावर विश्वास ठेवू नका. जी टोचणी एका ठराविक गोष्टीवर बोट ठेवते, ही सही, हा शब्द, हा माणूस, आणि त्यातून बाहेर यायची वाटही दाखवते, ती ऐका. पौल 2 करिंथ 7:10 मध्ये दोन प्रकारच्या दुःखांबद्दल हेच लिहितो, एक पश्चात्तापाकडे नेतं आणि दुसरं मरणाकडे.

त्याची टोचणी अगदी ठराविक होती. तारीख, मशीन, सही, सगळं पाठ होतं त्याला.

पुढच्या एका भेटीत मी त्याला दहा आज्ञा म्हणायला सांगितल्या. चेहरा पडला त्याचा, लहानपण आठवलं असणार, पण घडाघडा सुरू केलं, माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत, मूर्ती करू नकोस... मी मध्येच थांबवलं.

"पहिलं वाक्य गाळलंस."

"नाही ताई, पहिली आज्ञा तीच आहे."

"आज्ञा तीच. पण त्याच्या आधी देव काय म्हणतो ते वाच."

त्याने फोनवर बायबलमधलं निर्गम 20 उघडलं. दुसरं वचन, मी तुझा देव परमेश्वर, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. इतकी वर्षं रोज म्हणूनही ते वाक्य त्याच्या घरी कधी म्हटलं गेलं नव्हतं. थेट "नसावेत" पासूनच सुरुवात. मी म्हटलं आता क्रम बघ. वल्हांडण, म्हणजे सुटकेची रात्र, 12व्या अध्यायात, समुद्र दुभंगला 14व्यात, आणि जिथे आज्ञा मिळाल्या त्या सीनाय डोंगराला लोक पोचले 19व्यात, मिसर (इजिप्त) सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात. आज्ञांच्या पाट्या मिसरच्या राजाच्या, फारोच्या दारात का नाही दिल्या? "हे पाळून दाखवा मग सोडवतो" असं देव म्हणू शकला असता. म्हणाला नाही. आधी सोडवलं, मग सांगितलं की सुटलेल्या माणसांनी कसं जगायचं.

तो बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या पप्पांनी मला आज्ञा दिल्या, पण देव दिला नाही." वडिलांबद्दल असं बोलल्याचं त्याला लगेच वाईटही वाटलं. मी म्हटलं, पप्पांनाही बहुतेक कुणी दिला नसेल.

मला वाटलं होतं इथे गाठ सुटेल, बऱ्याच जणांची इथेच सुटते. याची अर्धीच सुटली. पुढच्या वेळी आला तो थोडा बरा दिसत होता पण म्हणाला, "समजलं सगळं, बरं पण वाटलं, पण सही तशीच आहे ना ताई."

हे वाक्य मला फार आवडलं. कारण कृपेची नुसती थिअरी समजल्यावर माणसं बहुतेकदा तिथेच घर करतात, हा तसा नव्हता.

मी विचारलं, "ती आज्ञा कुठली मोडली असं तुला वाटतं?"

"नववी. खोटी साक्ष."

"पूर्ण म्हण."

"आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस."

"त्या मशीनवर कोण काम करतं?"

आणि इथे तो गप्प झाला. मी पण गप्प राहिले, समुपदेशनात अशा शांततेत हात घालायचा नसतो हे एवढ्या वर्षांत शिकलेय. खूप वेळाने त्याने एका माणसाबद्दल सांगायला सुरुवात केली, दुसऱ्या शिफ्टला असतो, वयस्कर आहे, ऐकायला कमी येतं त्यामुळे मशीनचा आवाज बदललेला त्याला कळणार नाही, मुलीचं लग्न ठरलंय. त्याला हे सगळं माहीत होतं. इतक्या रात्री तळमळत काढल्या पण त्या रात्रींत हा माणूस एकदाही आला नव्हता, सगळा विचार फक्त "माझं काय, मी कृपेत आहे की नाही, देव माझ्यावर रागावलाय का" असाच फिरत होता.

तो म्हणाला, "मी इतके दिवस माझ्याच रेकॉर्डची काळजी करत होतो. देव त्यांची काळजी करत होता."

मी हे वाक्य नंतर कितीतरी जणांसमोर ठेवलंय, त्याची परवानगी घेऊन. माझ्या मते नियमशास्त्राबद्दलचा निम्मा गोंधळ इथे मिटतो. आपण आज्ञांना आपल्या मार्कांचा कागद समजतो, म्हणून एक जण मार्क कमी पडले म्हणून रडतो आणि दुसरा परीक्षाच रद्द झाली म्हणून नाचतो, आणि दोघांच्याही डोळ्यासमोर शेजारी नसतो. येशूने सगळ्या नियमशास्त्राचा सारांश दोन आज्ञांत सांगितला, देवावर पूर्ण मनाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती (मत्तय 22), आणि कृपेचा एवढा मोठा प्रेषित पौल, तोसुद्धा रोम 13 मध्ये व्यभिचार, खून, चोरी, लोभ या आज्ञांची नावं घेऊन म्हणतो की प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही म्हणून प्रीती हे नियमशास्त्राचं पूर्णपणे पालन आहे. ज्या पत्रात "नियमशास्त्राधीन नाही" आहे त्याच पत्रात हे पण आहे. आणि 3:31 मध्ये तर तो स्वतःच विचारतो, विश्वासाने आपण नियमशास्त्र व्यर्थ करतो का? मुळीच नाही, उलट ते प्रस्थापित करतो. सहाव्या अध्यायावर तो मेसेज देणाऱ्याने पुढे तेराव्यापर्यंत जायला हवं होतं इतकंच माझं म्हणणं.

मग आम्ही शुभवर्तमानातल्या जक्कयबद्दल बोललो. लोकांकडून जास्तीचं उकळणाऱ्या जकातदारांचा मुख्य, येशू स्वतःहून त्याच्या घरी गेला, त्याआधी काही फेडून घे असं म्हटलं नाही. आणि मग जक्कय आपणहून उभा राहून म्हणतो, ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत देतो. हे चौपट नियमशास्त्रातही भेटतं, निर्गम 22 मध्ये चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं द्यायची असं आहे. कृपा घरात आल्यावर जक्कयला लोकांची भरपाई सुचली. देवाला खूश करायला नाही, येशूने तर आधीच त्याच्या घरी उतरायचं ठरवलं होतं.

त्या तरुणाने काय केलं ते थोडक्यात सांगते. साहेबांना जाऊन सांगितलं, मशीन परत तपासली, त्यात दुरुस्तीचं काम निघालं. त्याला लेखी समज मिळाली, त्या वर्षी बढती गेली. झोप हळूहळू आली, एका रात्रीत नाही.

आता जे यावर नेहमी विचारलं जातं ते. "मग नियमशास्त्राच्या लेवीय पुस्तकातलं सगळंच पाळायचं का, दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नये ते पण?" प्रश्न चांगला आहे, आणि गंमत अशी की धाग्यांचा नियम लेवीय 19:19 मध्ये आहे आणि शेजाऱ्यावर प्रीती कर हे त्याच्या लगेच वरच्या वचनात. पूर्वीच्या शिक्षकांनी, विशेषतः सुधारणेच्या (सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट चळवळीच्या) परंपरेत, यासाठी नियमशास्त्राचे तीन भाग केले. यज्ञ, शुद्धाशुद्ध, सणवार हे विधी ख्रिस्ताकडे बोट दाखवत होते, तो आल्यावर पूर्ण झाले, इब्री पत्राचा दहावा अध्याय वाचा, मार्ककृत शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात येशू सगळं अन्न शुद्ध ठरवतो. इस्राएल राष्ट्राचे न्यायालयीन कायदे त्या राष्ट्रासोबत संपले, त्यातलं न्यायाचं तत्त्व उरलं. आणि नैतिक आज्ञा, ज्या देवाच्या स्वभावातून येतात, त्या राहतात. त्याच परंपरेतल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली या दस्तऐवजाच्या 19व्या अध्यायात हे नीट मांडलंय. सगळ्या मंडळ्यांना ही विभागणी मान्य नाही, शब्बाथाबद्दल (विसाव्याच्या पवित्र दिवसाबद्दल) तर प्रामाणिक मतभेद आहेत, आणि दिवसांवरून एकमेकांना दोषी ठरवू नका हा पौलाचा सल्ला (रोम 14) मी तिथे पाळते.

माझा स्वतःचा कल लपवत नाही. त्या सुधारणेचा प्रणेता लूथर याने आज्ञांचं पाप उघडं करणारं काम फार खोल ओळखलं, आणि 1530 च्या दशकात त्याचाच सहकारी योहान अग्रिकोला जेव्हा विश्वासणाऱ्यांना नियमशास्त्र सांगायची गरज नाही म्हणायला लागला तेव्हा लूथरनेच त्याला कडाडून विरोध केला, हे कृपा-कृपा म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावं. पण समुपदेशक म्हणून मला जास्त उपयोग होतो त्याच सुधारणेतल्या कॅल्व्हिन या शिक्षकाचा. पाप उघडं करणं आणि समाजात वाईटाला आवर घालणं या दोन उपयोगांनंतरचा आज्ञांचा तिसरा उपयोग, विश्वासणाऱ्याला वाट दाखवण्याचा, तोच त्याने मुख्य मानला. आणि 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणारं पुस्तक, मला सगळ्यात जवळची, तिचे तीन भाग आहेत, माणसाची दुर्दशा, त्याची सुटका, आणि मग कृतज्ञता. नियमशास्त्र त्यात दोनदा येतं, पहिल्या भागात आपली दुर्दशा कळावी म्हणून आणि दहा आज्ञा सविस्तर येतात त्या कृतज्ञतेच्या भागात. वर जे दोन प्रश्नकर्ते सांगितले ते दोघंही पहिल्याच भागात अडकलेले असतात. त्याच प्रश्नोत्तरीत 114व्या प्रश्नाला उत्तर आहे की अतिशय पवित्र माणसांचंही या जीवनातलं आज्ञापालन म्हणजे छोटीशी सुरुवातच असते, मी हे "मी परत पडले" म्हणत येणाऱ्यांना वाचून दाखवते आणि खांदे खाली येताना दिसतात.

तुम्ही आईबाप असाल तर मुलांना आज्ञा जरूर शिकवा, पण निर्गम 20 च्या दुसऱ्या वचनापासून शिकवा, आणि "आज कुठली मोडलीस" च्या जागी "आज कुणाची काळजी घेता आली" असं विचारून बघा. कबुली पण द्यायला शिकवा, आधी स्वतः मुलांसमोर देऊन.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवते. काही जण एकच पाप दिवसातून वीस वेळा कबूल करतात, क्षमा मिळाली की नाही हे पुन्हा पुन्हा तपासतात, मनात आलेल्या नकोशा विचारालाच पाप समजून प्रार्थना पहिल्यापासून सुरू करतात. तिथे मी आज्ञांवर चर्चा वाढवत नाही आणि अजून वचनं पण देत नाही, कारण प्रत्येक वचन तपासायला अजून एक गोष्ट होऊन बसतं. हा विश्वासाचा कमकुवतपणा नाही, हा बरा होणारा आजार असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, औषध लागलं तर घ्या, आणि पाळकांनाही तसं सांगून ठेवा म्हणजे तेही रोज रोज "हो, क्षमा झाली" म्हणत बसणार नाहीत.