वाचकांचे प्रश्न : ‘टॅपेस्ट्री’तील जुनी गाणी

प्रश्न : अमेरिकी गायिका-संगीतकार कॅरोल किंग यांच्या ‘टॅपेस्ट्री’ (१९७१) या अल्बममध्ये आधी इतरांनी गायलेली गाणी का आहेत?

उत्तर : ती गाणी मुळात किंग यांचीच आहेत. ‘विल यू लव्ह मी टुमारो’ (उद्या तू माझ्यावर प्रेम करशील का?) हे गीत त्यांनी तत्कालीन पती गेरी गॉफिन यांच्यासह रचले आणि १९६० मध्ये ‘द शिरेल्स’ या गायिकांच्या गटाने ते उडत्या ठेक्यात गायले, ‘टॅपेस्ट्री’त मात्र तेच गीत संथ लयीत, पियानोच्या साथीने येते, त्यामुळे त्यातील प्रश्न अधिक व्याकुळ वाटतो. निर्माते लू अ‍ॅडलर यांनी वाद्यमेळ मोजका ठेवला, हे माझ्या मते या अल्बमचे खरे बळ आहे. अमेरिकेत तो अल्बमच्या लोकप्रियता यादीत सलग १५ आठवडे अग्रस्थानी होता. त्यातील गायक-गिटारवादक जेम्स टेलर यांची गिटारही ऐकावी.