हजचं ऊन, हजची गर्दी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

हजचे अर्ज सुरू झाले की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. काही विचारलेले, बरेचसे कुठून तरी ऐकलेले.

प्रश्न : इहराममध्ये (हजच्या बिनशिवलेल्या कपड्यांत आणि त्याच्या नियमांत) पुरुषांना डोकं झाकता येत नाही. उन्हात काय करू?
छत्री धरा. मसल्याबद्दल, म्हणजे धर्माच्या नियमाबद्दल, शंका असेल तर आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारा, दुकानदाराला नको.

प्रश्न : एका हाजींनी सांगितलं, रोज मिठाच्या गोळ्या घ्यायच्या. घेऊ का?
नको. ओआरएस पुरे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : अम्मीला बीपी आणि साखर आहे. नेहमीच्याच गोळ्या चालतील ना?
लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी उन्हात शरीर लवकर कोरडं पडतं. बीटा ब्लॉकरमुळे (बीपी आणि हृदयाची एक गोळी) उष्णता सोसायची ताकद घटू शकते. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. निघण्याच्या किमान महिनाभर आधी अम्मींना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, मात्रा तेच ठरवतील. इन्सुलिन उन्हात तापलेल्या पिशवीत ठेवू नका.

प्रश्न : एजंट म्हणतो, व्हिजिट व्हिसावर निम्म्या पैशांत हज होईल, सगळे असेच जातात. जाऊ का?
नाही. व्हिजिट व्हिसावर हजचा परवाना मिळत नाही. आणि यावर मी जरा लांबच बोलणार आहे. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला होता. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले आणि त्यांतले 83 टक्के लोक परवान्याविना आलेले होते. ऊन परवाना बघत नाही, सावली मात्र परवान्यावरच मिळते. मिनातला (मक्केजवळच्या मुक्कामाच्या जागेतला) एसीचा तंबू, अराफातच्या मैदानाला नेणारी बस, यांतलं काहीच अशा माणसाच्या नावावर नसतं. तो भर दुपारी मैलोन्‌मैल चालतो, पोलीस दिसले की आडोसा शोधतो आणि चक्कर आली तरी पकडले जाऊ या धास्तीने मदत मागत नाही. एजंटाने जे ‘वाचवले’ ते या तंबूचे आणि बसचेच पैसे. 2025 मध्ये विनापरवाना हजला 20,000 रियालपर्यंत दंड होता, तो एजंट भरत नाही. हज कमिटी किंवा सरकारकडे नोंदलेला खासगी टूर, एवढेच दोन रस्ते. पैसे देण्याआधी टूरवाल्याची नोंदणी स्वतः तपासा. ‘शेवटच्या दोन जागा’ ऐकलं की तिथून उठा.

प्रश्न : उन्हाने कुणी बडबडायला लागलं तर पॅरासिटामॉल द्यायची का?
उपयोग नाही, हा तापातला ताप नव्हे. उन्हात माणूस गोंधळला, असंबद्ध बोलू लागला की उष्माघात धरा. ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ हेही खोटं. सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने 911 (मक्केतला आपत्कालीन नंबर) लावायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. गटप्रमुख येईपर्यंत थांबायचं असं मला फार लोक सांगतात. तोवर मेंदूची हानी थांबत नाही.

प्रश्न : रमीच्या (सैतानाच्या खांबांना खडे मारायच्या विधीच्या) वेळच्या गर्दीची भीती वाटते.
वाटायलाच हवी. 1990 मध्ये मक्केजवळच्या बोगद्यात 1,426 जण चेंगराचेंगरीत गेले. जमरातचा, म्हणजे जिथून हे खडे मारतात तो पूल आता बहुमजली आहे, पण 24 सप्टेंबर 2015 ची चेंगराचेंगरी पुलावर झालीच नव्हती. ती मिनात, पुलाकडे जाणारे दोन रस्ते जिथे मिळतात तिथे झाली. अशा दाबात माणसं बहुतेक वेळा उभ्या उभ्याच गुदमरतात. गटाला दिलेली वेळ आणि वाट सोडू नका. उलट फिरू नका, पडलेली चप्पल उचलायला वाकू नका. दाब वाढला तर हात छातीसमोर घेऊन लाटेबरोबर तिरकं कडेला सरका. वयस्कर किंवा आजारी माणसाची रमी दुसऱ्याने करायची मुभा आहे, ती कुणाला लागू होते हे आलिमांकडून आधीच विचारून घ्या.

प्रश्न : हज थंडीत येईपर्यंत थांबावं का? वय 66.
चांद्र वर्षामुळे हज दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो. थंडी गाठायला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर तुम्ही सत्तरी ओलांडाल. थांबायचं की जायचं हे पंचांगावर ठरवू नका. आधी हृदयाची तपासणी करून घ्या, मग फॉर्म भरा.